पगारातून कापलेला कर भरायचा राहिला असेल तर: अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी

गुरुवारची संध्याकाळ आहे आणि उद्या पगार करायचे आहेत. दुकानाच्या खात्यात ११,००० डॉलर आहेत. सहा जणांच्या हातात द्यायचे पगार ९,४०० होतात आणि त्यावर आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाकडे, भरायचा कर साधारण २,५००. म्हणजे ९०० कमी पडतात. मालक काय करतो? माणसं समोर उभी असतात, आयआरएस समोर नसते. पगार देऊन टाकतो आणि ठरवतो, की कर पुढच्या आठवड्यात भरू. पुढच्या आठवड्यात माल देणारा बिलासाठी अडून बसतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात फ्रीजरचा कॉम्प्रेसर जातो. तीन महिन्यांनी त्याच्या टेबलाच्या खणात आयआरएसची चार पाकिटं साठलेली असतात, आणि त्यातलं एकही उघडलेलं नसतं.

छोट्या व्यवसायांचे हिशेब सांभाळताना असे खण मी पाहिले आहेत. त्यातला कुणीही लबाड नव्हता. उलट माणसांचे पगार थांबू नयेत म्हणून धडपडणारेच जास्त होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पेरोल टॅक्सची, म्हणजे पगारावरच्या कराची, थकबाकी इतर कुठल्याही देण्यासारखी नसते, आणि ती फेडण्याचा क्रम चुकला तर कंपनीचं देणं थेट तुमच्या घरावर येतं.

हा पैसा कुणाचा, ते आधी पाहू

एका कर्मचाऱ्याची पगारपावती समोर घ्या. महिन्याचा एकूण पगार ४,००० डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, म्हणजे २४८ डॉलर कापले. मेडिकेअरचे १.४५ टक्के, म्हणजे ५८. फेडरल इन्कम टॅक्सचे, समजा, ३५०. एकूण ६५६ डॉलर त्याच्या पगारातून गेले. हे पैसे त्याचे आहेत. तुम्ही ते सरकारच्या वतीने फक्त सांभाळता. कायद्यात याला ट्रस्ट फंड टॅक्स म्हणतात, आपल्या भाषेत दुसऱ्याची ठेव.

याशिवाय तुमचा मालक म्हणून वाटा असतो: पुन्हा २४८ अधिक ५८, म्हणजे ३०६. एका माणसामागे महिन्याला एकूण ९६२ डॉलर भरायचे, त्यातले ६५६ ठेवीचे आणि ३०६ तुमचे. ही फोड नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आयआरएस याबाबत इतकी कडक का? कारण तुम्ही ते ६५६ भरले नाहीत, तरी कर्मचाऱ्याला त्याचं पूर्ण श्रेय मिळतं. वर्षाअखेर त्याच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगार आणि कपातीच्या वार्षिक दाखल्यावर, कपात दिसते, तो रिटर्न भरतो, रिफंडही घेतो. खड्डा पडतो तो सरकारी तिजोरीत. त्यामुळे बँकेचं कर्ज थकलं तर जी उसंत मिळते, ती इथे मिळत नाही.

जुनं देणं बाजूला ठेवा, आधी गळती थांबवा

सगळे जण पहिला प्रश्न विचारतात, की जुनी थकबाकी कशी फेडू? माझं उत्तर नेहमी तेच असतं: आज नका फेडू. आधी या तिमाहीचा कर वेळेवर जाऊ दे.

कारण सरळ आहे. चालू तिमाहीचा भरणा नियमित असल्याशिवाय आयआरएस हप्त्यांचा करार करत नाही. केलेला करारही एक भरणा चुकला तरी मोडू शकतो. ज्याला त्यांच्या भाषेत ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात, म्हणजे एका तिमाहीच्या थकबाकीवर दुसरीची थकबाकी चढवत जाणं, ते दिसलं की समोरच्या अधिकाऱ्याचा सूरच बदलतो. तुमच्याकडे आज ५,००० डॉलर असतील आणि या महिन्याचा कर ५,००० असेल, तर ते पैसे याच महिन्याला जायला हवेत, मागच्या वर्षाला नाहीत.

हे जमवायचा मला सापडलेला एकच खात्रीचा मार्ग आहे. एक वेगळं बँक खातं उघडा. पगार ज्या दिवशी होईल त्याच दिवशी, त्याच बैठकीत, कराची पूर्ण रक्कम त्या खात्यात वळती करा. त्या खात्याचं डेबिट कार्ड घेऊ नका. मुख्य खात्यात जे उरेल तेवढंच आपलं, असा हिशेब धरा.

भरण्याच्या तारखाही पक्क्या माहीत हव्यात. आदल्या वर्षीच्या ३० जूनला संपणाऱ्या बारा महिन्यांत तुमचा एकूण पेरोल टॅक्स ५०,००० डॉलर किंवा कमी होता, तर तुम्ही मासिक भरणा करणारे. एका महिन्याचा कर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. त्याहून जास्त असेल, तर आठवड्याच्या हिशेबाने: बुधवार ते शुक्रवार दिलेल्या पगाराचा कर पुढच्या बुधवारी, शनिवार ते मंगळवार दिलेल्याचा पुढच्या शुक्रवारी. धंदा वाढला की मासिकवरून आठवड्याच्या गटात ढकलले जाता आणि कित्येकांना ते कळतच नाही. मग महिनाभर ‘वेळेवर’ भरूनही दंड लागतो.

आणि पैसे खरोखरच पुरत नसतील तर? मग पगारपत्रक छोटं करावं लागेल. तास कमी करा, मालकाचा पगार थांबवा, एखादी पाळी स्वतः करा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ११,००० डॉलरमध्ये जेवढा पगार आणि त्यावरचा कर दोन्ही बसतात, तेवढाच पगार तुम्हाला परवडतो. पूर्ण पगार वाटून कर मागे ठेवणं म्हणजेच कायद्याच्या नजरेत ‘जाणूनबुजून’ न भरणं. त्यामागे वाईट हेतू असावा लागत नाही.

पैसे नसले तरी फॉर्म भरा

फॉर्म ९४१ म्हणजे पेरोल टॅक्सचा दर तिमाहीचा रिटर्न: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. पैसे नाहीत म्हणून फॉर्मच न भरणारे खूप भेटतात. ‘फॉर्म गेला की त्यांना कळेल,’ असं त्यांना वाटतं. त्यांना तसंही कळतं, कारण वर्षाअखेर डब्ल्यू-२ जातातच.

फॉर्म न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत. फॉर्म भरला पण पैसे नाहीत, तर महिन्याला अर्धा टक्का. फरक दहापट आहे. शिवाय फॉर्म गेलाच नाही, तर आयआरएस स्वतःच अंदाजाने तुमच्या नावे रिटर्न तयार करू शकते आणि तो अंदाज तुमच्या बाजूने झुकलेला नसतो. वसुलीची दहा वर्षांची मुदतही कराची आकारणी झाल्यापासून मोजतात. फॉर्मच नसेल तर घड्याळ सुरूच होत नाही.

तेव्हा राहिलेल्या सगळ्या तिमाह्यांचे ९४१ आणि फेडरल बेरोजगारी कराचा वार्षिक फॉर्म ९४० एकत्र बसून तयार करा. आकडे खरे लिहा. न भरलेला भरणा ‘भरला’ म्हणून दाखवण्याचा मोह कुणी सुचवला, तर त्या सल्लागाराला नमस्कार करा. थकबाकी हा वसुलीचा विषय असतो, खोटा फॉर्म हा फौजदारीचा.

नेमकं किती थकलंय

आता खणातली पाकिटं काढा आणि तारखेप्रमाणे लावा. मग आयआरएसकडून प्रत्येक तिमाहीचं अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तुमच्या कर-खात्याचा उतारा, मागवा. ते स्वतः मिळवता येतं, किंवा फॉर्म २८४८ वर सही करून तुमच्या सीपीएला (परवानाधारक लेखापालाला), एन्रोल्ड एजंटला (आयआरएसने मान्यता दिलेल्या कर-प्रतिनिधीला) किंवा वकिलाला तुमच्या वतीने बोलायचा अधिकार देता येतो. एका कागदावर प्रत्येक तिमाहीसाठी एक ओळ करा: ठेवीचा भाग, मालकाचा वाटा, दंड, व्याज. ठेवीचा आकडा लाल पेनाने लिहा.

भरणा उशिरा केल्याचा दंड असा चढतो: १ ते ५ दिवस उशीर झाला तर २ टक्के, ६ ते १५ दिवस ५ टक्के, त्यापुढे १० टक्के. आणि पैशाची मागणी करणाऱ्या पहिल्या नोटिशीच्या तारखेपासून दहा दिवसांत भरलं नाही, तर १५ टक्के. न उघडलेल्या पाकिटाची किंमत इथे कळते. व्याज वेगळं. त्याचा दर दर तिमाहीला ठरतो आणि ते रोज चक्रवाढीने वाढतं.

पैसे भरताना सोबत चिठ्ठी हवीच

हा भाग दोनदा वाचा. छोट्या व्यावसायिकाला सगळ्यात जास्त वाचवणारी हीच गोष्ट आहे आणि हीच कुणी सांगत नाही.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. असे पाच कर्मचारी, तीन महिने. एकूण थकबाकी १४,४३० डॉलर. त्यात ठेवीचे ९,८४० आणि मालकाचा वाटा ४,५९०. समजा, तुम्ही भावाकडून उसने घेऊन ९,८४० डॉलर उभे केले आणि काहीही न लिहिता पाठवून दिले. आयआरएस ते आपल्या सोयीने जमा करते. सोय कशात? जो भाग फक्त कंपनीकडूनच वसूल होऊ शकतो, तो आधी फेडून घेण्यात. म्हणजे मालकाच्या वाट्याचे ४,५९० आधी गेले, आणि ठेवीचे किमान ४,५९० डॉलर अजून बाकी राहिले. ही बाकी त्यांना तुमच्याकडून, व्यक्ती म्हणून, वसूल करता येते.

तेच ९,८४० डॉलर लेखी सूचनेसह पाठवले असते, तर ठेव पूर्ण फिटली असती. उरलेले ४,५९०, दंड आणि व्याज हे कंपनीचं देणं. उद्या दुर्दैवाने कंपनी बंद पडली, तरी त्या तिमाहीसाठी तुमच्या घराला धक्का लागला नसता.

ही सूचना फार साधी असते. कंपनीचं नाव, ईआयएन (आयआरएसने दिलेला तुमच्या धंद्याचा क्रमांक), फॉर्म ९४१, कुठली तिमाही, आणि एक वाक्य: ही रक्कम स्वेच्छेने भरत असून ती या तिमाहीच्या ट्रस्ट फंड करासाठीच जमा करावी. धनादेशाच्या मागे तेच थोडक्यात लिहा आणि पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. प्रती फाइलमध्ये ठेवा. दोन महिन्यांनी ट्रान्स्क्रिप्ट काढून पैसे त्याच तिमाहीत जमा झाले का, ते बघा. आत ठेवीचाच भाग फिटला का, याची खात्री अधिकाऱ्याकडून लेखी करून घ्या.

मर्यादाही आहे. हे फक्त स्वेच्छेने भरलेल्या पैशांना लागू. त्यांनी बँक खातं गोठवून उचललेल्या पैशाला तुम्ही दिशा देऊ शकत नाही. हप्त्यांच्या करारपत्रातही लिहिलेलं असतं, की पैसे सरकारच्या हिताला धरून जमा केले जातील. म्हणून ठेवीचा जेवढा भाग आधी फेडता येईल, तेवढा करारावर सही करण्याआधी फेडा.

कंपनीचं देणं घरावर कसं येतं

‘माझी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे, मग मला काय भीती?’ हा प्रश्न कायम येतो. इतर बऱ्याच देण्यांबाबत ती ढाल चालते. इथे नाही. ट्रस्ट फंड रिकव्हरी पेनल्टी नावाचा प्रकार आहे, इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ६६७२ मधला. ठेवीचा जेवढा भाग बाकी, त्याच्या शंभर टक्के रक्कम ‘जबाबदार’ व्यक्तीवर वैयक्तिक बसते. एकाच मालकाच्या एलएलसीलाही २००९ पासून पेरोल टॅक्सपुरतं कंपनीसारखंच धरलं जातं. कंपनी नसून तुमच्या स्वतःच्या नावानेच धंदा असेल, तर सगळंच देणं पहिल्यापासून तुमचंच आहे.

जबाबदार कोण? पद बघत नाहीत, हातातला अधिकार बघतात. कुणाची बिलं आधी द्यायची हे कोण ठरवतं, धनादेशावर सही कुणाची, माणसं ठेवणं-काढणं कुणाकडे. एकापेक्षा जास्त जणांवर एकाच वेळी ही रक्कम लावता येते. मग सरकार ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घेतं. आपल्याकडे एक सवय असते: बँकेत सोय म्हणून बायकोची किंवा नवऱ्याची सही घालून ठेवायची, कागदावर मेहुण्याला उपाध्यक्ष करायचं. नुसती सही असली म्हणून जबाबदारी आपोआप येत नाही, पण चौकशीच्या यादीत नाव येतं आणि मग ‘मी काहीच बघत नव्हते’ हे सिद्ध करत बसावं लागतं. जो कारभारात नाही, त्याचं नाव खात्यावरून आजच काढा.

चौकशीसाठी अधिकारी फॉर्म ४१८० घेऊन मुलाखत घेतो. प्रश्न गप्पांसारखे वाटतात: ‘कर थकल्याचं तुम्हाला कधी कळलं? त्यानंतर कुणाकुणाला पैसे दिले?’ प्रत्येक उत्तर तुमच्या फाइलमध्ये जातं. या मुलाखतीला एकट्याने बसू नका. ‘मला माझ्या प्रतिनिधीशी बोलायचं आहे,’ एवढं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तो वापरा, आणि मग खरं तेच सांगा.

त्यानंतर पत्र ११५३ येतं: आम्ही अमुक इतकी रक्कम तुमच्यावर लावणार आहोत. त्या पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. ६० दिवस गेले, की आकारणी होते. मग एक वाट उरते, ती म्हणजे एका कर्मचाऱ्याच्या एका तिमाहीपुरती रक्कम भरायची, फॉर्म ८४३ वर परतावा मागायचा आणि तो नाकारला तर कोर्टात जायचं. ती वाट लांबची आणि महागडी आहे. दिवाळखोरीतही ही रक्कम माफ होत नाही.

क्वचित, पण फौजदारीही होते. जाणूनबुजून कर न भरण्याला कलम ७२०२ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ती पाळी येते ती बहुतेक वर्षानुवर्षं कर बुडवून त्याच पैशावर चैन करणाऱ्यांवर. पण तुमच्या बाबतीत रोख पगार, दोन वह्या किंवा खोटे फॉर्म असं काही झालं असेल, तर हिशेबनीसाकडे तोंड उघडण्याआधी कर-वकील गाठा. वकिलाशी बोललेलं जितकं सुरक्षित असतं, तितकं हिशेबनीसाशी बोललेलं नसतं.

आपल्यातल्या अनेकांसाठी आणखी एक बाब. नागरिकत्वाच्या अर्जात थकलेल्या करांबद्दल विचारतात. थकबाकी असली तरी लेखी करार आणि नियमित हप्ते दाखवता आले, तर सांगायला काही असतं. आणि वैयक्तिक आकारणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर अमेरिकी पासपोर्टही अडू शकतो. हप्त्यांचा करार पाळणाऱ्याला त्यातून सूट आहे.

बोलणी करायला बसताना

सुरुवातीला पत्रं येतात, ती संगणकाची असतात. त्यांना मुदतीत उत्तर द्या. रक्कम वाढली किंवा तिमाह्या साठल्या, की रेव्हेन्यू ऑफिसर नेमला जातो. तो दुकानात येऊ शकतो. त्याने दिलेली तारीख पाळणं ही तुमची सगळ्यात मोठी पत. कागद अपुरे असतील तरी त्या दिवशी जे आहे ते द्या आणि उरलेल्याची नवी तारीख स्वतःहून सांगा. टोलवाटोलव केली, की तो थेट वसुलीकडे वळतो.

थकबाकी २५,००० डॉलर किंवा कमी असेल, चालू भरणा नीट असेल आणि सगळे फॉर्म गेलेले असतील, तर चालू धंद्याला हप्त्यांचा करार बहुधा सविस्तर आर्थिक माहिती न देता मिळतो. हप्ता खात्यातून आपोआप वळता होऊ दे. रक्कम २५,००० च्या थोडी वर असेल, तर फरक भरून त्या आत येणं फायद्याचं ठरतं.

त्याहून मोठ्या रकमेसाठी फॉर्म ४३३-बी भरावा लागतो: येणी, यंत्रं, गाड्या, कर्जं, महिन्याचं उत्पन्न-खर्च. सोबत बँकेची विवरणपत्रं. इथे माणसं दोन टोकांना जातात. काही जण सगळं लपवतात, काही जण घाबरून झेपणार नाही असा हप्ता कबूल करतात. दुसरी चूक जास्त दिसते. महिन्याला ३,००० कबूल करून चौथ्या महिन्यात मोडण्यापेक्षा १,४०० मागा आणि ते आकड्यांनी सिद्ध करा. हप्ता ठरवताना चालू कराची रक्कम आधी खर्चात धरली आहे ना, हे तपासा.

जप्तीच्या आधी शेवटची नोटीस येते, पत्र १०५८ किंवा एलटी११. त्यावर ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागता येते. ही तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. सुनावणीत हप्त्यांचा पर्याय मांडता येतो आणि सहसा तोवर जप्ती थांबते. मात्र मागच्या दोन वर्षांत पेरोल टॅक्ससाठी अशी सुनावणी एकदा मागितली असेल, तर नंतरच्या तिमाह्यांसाठी ते आधी जप्ती करून मग सुनावणी देऊ शकतात. म्हणून ही संधी पुरती तयारी करून वापरा.

तडजोडीबद्दल, म्हणजे ऑफर इन कॉम्प्रोमाइजबद्दल, रेडिओवर फार आशा दाखवतात. चालू धंद्याच्या पेरोल टॅक्ससाठी ती क्वचित मिळते. अर्ज करण्याआधी चालू आणि मागच्या दोन तिमाह्यांचा भरणा पूर्ण हवा, आणि ठेवीच्या भागाचा निकालही आधी लागावा लागतो. हजारो डॉलर आगाऊ घेऊन ‘दहा टक्क्यांत मिटवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तेच पैसे चिठ्ठीसह ठेवीत भरा. आयआरएसच्या कारवाईमुळे धंदा बुडायची वेळ आली असेल, तर टॅक्सपेयर अॅडव्होकेट सर्व्हिसकडे फॉर्म ९११ भरा. ती मदत विनामूल्य आहे.

दंडमाफी मागा

व्याज सहसा माफ होत नाही, दंड होतो. मागची तीन वर्षं याच फॉर्मवर दंड लागलेला नसेल आणि सगळे फॉर्म भरलेले असतील, तर ‘पहिल्यांदा चूक’ या सवलतीखाली फोनवरही माफी मिळू शकते. बरेच जण ती मागतच नाहीत. ही सवलत कुठल्या तिमाहीला वापरायची याचा विचार करा. नाहीतर आजारपण, आग, पूर, हिशेब बघणाऱ्याचा मृत्यू अशी सबळ कारणं कागदपत्रांसह मांडा. ‘माझ्या अकाउंटंटने फॉर्म भरला नाही’ हे कारण चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये बॉइल खटल्यात सांगितलं, की तारीख पाळणं ही जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नाही.

राज्याचा पगार-कर आणि बेरोजगारी विमा हे वेगळं दार आहे आणि राज्यं कधीकधी आयआरएसपेक्षा लवकर हालचाल करतात. दोन्हीकडे एकाच आठवड्यात बोला, म्हणजे एकाला कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच्या आड येणार नाही. राज्याचा बेरोजगारी विमा उशिरा भरला, तर फेडरल फॉर्म ९४० वरची सवलतही घटते.

पैसे उभे करताना

रोजच्या विक्रीतून वाटा कापून घेणारी मर्चंट कॅश अॅडव्हान्स घेऊ नका. तिचा खरा खर्च प्रचंड असतो आणि रोज पैसे कापले गेले, की पुढच्या पगाराचा कर पुन्हा थकतो. कर्मचाऱ्यांच्या ४०१(के) या निवृत्ती-बचतीसाठी कापलेल्या पैशाला हात लावू नका. तीही दुसऱ्याची ठेव, आणि तिथे लेबर डिपार्टमेंट येतं. माणसांना रातोरात १०९९ या कंत्राटदारांच्या फॉर्मवर कंत्राटी दाखवणं किंवा जुनी कंपनी बंद करून त्याच दुकानात नव्या नावाने पाटी लावणं यानेही सुटका होत नाही. देणं मागोमाग येतं.

पडून असलेलं यंत्र, जास्तीची गाडी, अडकलेली येणी हे आधी मोकळं करा. दहा जणांकडे फोन करून उधारी वसूल करणं अवघड वाटतं, पण मी पाहिलंय, की ठेवीची अर्धी रक्कम अनेकदा तिथेच अडकलेली असते. नातलगांकडून उसने घेत असाल, तर त्यांना खरं कारण सांगा आणि ते पैसे फक्त ठेवीच्या भागात घाला.

शेवटचा मुद्दा पेरोल कंपनीचा. पगाराचं काम बाहेर दिलं, तरी कर भरायची जबाबदारी तुमचीच राहते. अपवाद आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओंचा, म्हणजे सह-मालक म्हणून पगाराचं काम बघणाऱ्या कंपन्यांचा. साध्या पेरोल कंपनीने तुमच्याकडून पैसे घेऊन पुढे भरलेच नाहीत, तर आयआरएस तुमच्याकडेच येते. म्हणून आयआरएसकडे पत्रव्यवहाराचा पत्ता त्यांचा नको, तुमचाच ठेवा. ईएफटीपीएसचं, म्हणजे कर ऑनलाइन भरायच्या सरकारी यंत्रणेचं, स्वतःचं लॉगिन घ्या. भरण्याच्या तारखेनंतर दोन दिवसांनी आत जाऊन रक्कम, तारीख आणि तिमाही स्वतः बघा, आणि त्या पानाची प्रत पगारपत्रकाच्या मागे टाचून ठेवा.